ऑफसेट मारू नका म्हणणारा मी

पहिल्या दिवशी मी नव्या एअर रायफलीनं शंभरावर छर्रे उडवले. वीस मीटरवर पुठ्ठा लावला होता आणि भोकं पडली होती बशीएवढ्या जागेत, बशी तीही खालच्या डाव्या कोपऱ्यात. उसाची तोड होऊन रान मोकळं झालेलं, थंडी, वारा नाही, म्हणजे दोष द्यायला हवामानसुद्धा नव्हतं. दर दोन-तीन छर्ऱ्यांमागं मी रायफलीवरच्या दुर्बिणीचा नॉब फिरवत होतो. वर, अजून वर, थोडं उजवीकडं. एकदा भोक मधोमध पडलं. पुढचं चार सेंटीमीटर खाली.

मुलगी मागं बांधावर बसून बघत होती. ती दहा मीटर एअर रायफल खेळते, क्लबात जाते, अंगात ते कडक जॅकेट घालते. शेवटी म्हणाली, "पप्पा, दर छर्ऱ्यामागं नॉब कशाला फिरवताय? आधी ग्रुप तरी पडू दे की."

ग्रुप म्हणजे एकाच नेमानं मारलेल्या छर्ऱ्यांची जवळजवळ पडलेली भोकं. मी काही बोललो नाही, पण ते झोंबलं. त्याचं कारण सांगतो. मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो. नवीन पोरं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एक जॉब दोन शतांश मिलिमीटर जादा आला की लगेच ऑफसेट मारतात, म्हणजे मशीनला दिलेलं माप बदलतात, पुढचा कमी आला की उलटा मारतात, आणि दुपारपर्यंत निम्मा माल रिजेक्ट. त्यांना माझं ठरलेलं वाक्य असतं: "ऑफसेट मारू नका, आधी क्लॅम्पिंग बघा, जॉब घट्ट धरलाय का ते." आणि इथं मी स्वतः काय करत होतो?

या नादाला लागलो तो पोरीमुळंच. कोल्हापुरात रायफलचं वेड नवीन नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हा पोरगी जन्मालाही आली नव्हती, पण १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्रॉंझ घेतलं, ते तिनं मोबाइलवर बघितलं आणि घरात दुसरा विषय राहिला नाही. त्यांच्या खेळात दुर्बीण चालत नाही. भिंग नसलेली पीप साइट असते, बारीक भोकातून बघायचं. पोरीच्या दहा मीटरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एक बिंदू. मला चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. पुढची साइट स्पष्ट केली की कागद धुरकट, कागद बघितला की साइट गायब. म्हणून शेतात कागदावर नेम धरायला स्प्रिंगची साधी ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून छर्रा भरायची, रायफल घेतली आणि तिच्यावर दुर्बीण. नळी ४.५ मिलिमीटरची आणि ताकद २० ज्यूलच्या आत असली की २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवाना लागत नाही. शेजारच्या रानातले काका लगेच म्हणाले, "आता मोरांचा बंदोबस्त झाला म्हणायचा." त्यांना सरळ सांगितलं, कागद आणि रिकामे डबे, बाकी कशावरही नाही. पाखराला छर्रा मारणं हा गुन्हा आहे आणि तसा नसता तरी मारला नसता. पुठ्ठ्यामागं मातीनं भरलेली पोती आणि त्यामागं उंच बांध, एवढं केल्याशिवाय मी रायफल कव्हरातून काढत नाही.

तर सोमवारी दुर्बीण काढली आणि जेवणाच्या सुट्टीत कामावर नेली. बघायचं होतं की ती मुळात कुठं बघते.

दुर्बिणीच्या बाहेरच्या नळीत आणखी एक छोटी नळी असते. वरचा स्क्रू तिला खाली दाबतो, बाजूचा स्क्रू आडवं ढकलतो आणि समोरून एक स्प्रिंग तिला या दोन स्क्रूंवर टेकवून ठेवते. आपण नॉब फिरवतो म्हणजे ही आतली नळी तिरकी करतो. नॉब एका टोकाला गेला की स्प्रिंग ढिली पडते, आतली नळी नीट टेकत नाही आणि दर हादऱ्याला नवी जागा घेते. माझ्या दुर्बिणीत नॉबचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १६० क्लिक, म्हणजे टकटक करणारे टप्पे, होते. मी मोजत मोजत मागं आलो, तर मी होतो वरच्या टोकापासून जेमतेम पंधरा क्लिकवर. तिथं ग्रुप पडणार कसा?

मधोमध आणायची सोपी रीत म्हणजे टोकापासून ८० क्लिक मोजायचे. पण टूलरूममध्ये व्ही-ब्लॉकची, म्हणजे गोल वस्तू टेकवायच्या खाचेच्या ठोकळ्यांची, जोडी असताना क्लिक कोण मोजतो? दोन्ही व्ही-ब्लॉक सपाट सरफेस प्लेटवर, खाली सारख्या उंचीच्या पट्ट्या लावून उंच केले, त्यात दुर्बिणीची नळी ठेवली, लांब भिंतीवर कागदी फुली चिकटवली आणि दुर्बीण जागेवर गोल फिरवली. फुलीवरून दुर्बिणीतल्या उभ्या-आडव्या तारांचा छेद चांगला गोल फिरायला लागला. लेथच्या फोर-जॉ चकात जॉब मधोमध बसवताना मापाच्या डायलचा काटा नाचतो ना, अगदी तसंच. तिथं जेवढा फरक दिसतो त्याच्या निम्मा मारायचा, इथंही निम्माच मारायचा. चौथ्या फेरीला छेद फुलीवर गप्प उभा राहिला. ते बघायला माझ्याभोवती पाच पोरं जमली होती. त्यातल्या एकानं विचारलं, "साहेब, ऑफसेट मारला काय?" चहा त्यालाच आणायला लावला.

रायफलवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच आहे, तीत दुर्बीण धरणाऱ्या रिंगा बसतात. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का बंदुकीसारखा एका दिशेचा नसतो. पिस्टन पुढं सुटला की रायफल मागं येते आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबला की तीच झटक्यानं पुढं जाते. या दुसऱ्या झटक्यात दुर्बीण खाचेवरून हळूहळू मागं सरकते. महागडी पण फक्त मागचा धक्का सोसायला बनवलेली दुर्बीण अशा साध्या रायफलवर खिळखिळी होते, ती याचमुळं. मागच्या रिंगेला एक छोटी खुंटी होती, ती रायफलीवरच्या भोकात उतरवायची असते. पहिल्यांदा बसवताना ती मला उपरी वाटली होती आणि मी ती काढून डबीत ठेवली होती. खाचेवर जवळजवळ दोन मिलिमीटरचा ताजा ओरखडा होता. डबी शोधली.

डोळ्यापासूनचं अंतर बसवताना एक चूक सगळेच करतात, मीही केली. टेबलावर मान लांबवून बघितलं की वेगळं अंतर येतं आणि खऱ्या बैठकीत वेगळं. डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवायचा, मग डोळा उघडायचा. काळी कडा न येता पूर्ण गोल दिसला पाहिजे. माझं साडेआठ सेंटीमीटरला बसलं.

तारा सरळ करायला लोक छोट्या पाणसळी विकत घेतात. आपल्याकडं गवंड्याचा ओळंबा आहे, त्याच्याहून सरळ काय असणार! आंब्याच्या फांदीला पांढरी दोरी बांधून ओळंबा सोडला, रायफल पाणसळीवर आडवी समतल केली आणि उभी तार दोरीवर येईपर्यंत दुर्बीण रिंगेत फिरवली. मग स्क्रू. एक बाजू पूर्ण आवळली की दुर्बीण त्या बाजूला वळते आणि मघाची मेहनत पाण्यात, म्हणून तिरप्या क्रमानं, पाव-पाव फेरा, रिंगेच्या दोन्ही फटींत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती घालून सारखं अंतर बघत. शेवटी सुमारे २ न्यूटन-मीटर. अ‍ॅलन कीला पाइप लावून आवळणारे मी बघितलेत. पातळ अ‍ॅल्युमिनियमची नळी चेपते आणि आतली नळी अडकते.

डोळ्याकडचं भिंग मोकळ्या आभाळाकडं बघून फिरवायचं, सूर्याच्या जवळपासही जायचं नाही. दोन सेकंद बघायचं आणि डोळा बाजूला. जास्त वेळ बघितलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि धुरकट तारही स्पष्ट वाटायला लागते. पुढची अंतराची रिंग वेगळी. तिच्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. रायफल उशीवर स्थिर ठेवून डोकं किंचित वर-खाली केलं तेव्हा तारा कागदावरून तरंगल्यासारख्या हलत होत्या. रिंग फिरवत फिरवत त्या हलायच्या थांबल्या तेव्हा आकडा होता २५ च्या जवळ, कागद मात्र टेपनं मोजून २० मीटरवर. तिथं मार्करनं रेघ मारली.

पुढच्या रविवारी पुन्हा रानात. पोरीची अट होती की पाच छर्रे झाल्याशिवाय नॉबला हात लावायचा नाही. शिवाय रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची नाही. स्प्रिंगची रायफल टणक वस्तूवरून उसळते आणि छर्रा अजून नळीत असतानाच ती हललेली असते. डावा तळवा उघडा ठेवायचा, रायफल त्यावर नुसती ठेवायची, आवळायची नाही. तोफ जशी मागं सरकू देतात तशी तिला सरकू द्यायची. याला आर्टिलरी होल्ड म्हणतात. हे ऐकायला सोपं आहे. घोडा ओढताना हाताची मूठ आपोआप मिटते, माझी अजून मिटते.

पाच छर्रे. नेमापासून बरोबर ९ सेंटीमीटर खाली, पण पाचही चार सेंटीमीटरच्या आत! पहिल्यांदाच मापायला काहीतरी मिळालं.

आता नॉब फिरवला असता तर पुन्हा तेच झालं असतं. एक क्लिक कोनाच्या पाव मिनिटाचा आहे, म्हणजे वीस मीटरवर साधारण दीड मिलिमीटर. ९ सेंटीमीटरला साठएक क्लिक, की परत टोकाजवळ. मोडणाऱ्या नळीच्या रायफलींत नळी थोडी खाली झुकलेली असणं नवलाचं नाही, त्यावर इलाज मागच्या रिंगेखाली. दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर आहे. मागं ०.३ मिलिमीटर उचललं की वीस मीटरवर ६० मिलिमीटर फरक पडतो, हे तर सातवीचं त्रैराशिक. ०.४५ ची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालून सगळाच हिशेब मिटला असता, पण तेवढ्यानं दुर्बिणीची नळी रिंगेच्या कडेवर वाकली असती. पितळी शिमची ०.३ ची पट्टी कापली, मागच्या रिंगेच्या खालच्या अर्ध्यात ठेवली आणि उरलेल्या तीन सेंटीमीटरला एकवीस क्लिक दिले. नॉबवरचा बाण 'वर' म्हणतो तेव्हा छर्रा वर जातो, तारा नव्हे. हे लिहून ठेवायचं कारण, मी त्यातही एकदा उलटा गेलोय.

मग क्लिक खरे आहेत का ते बघितलं. ओळंब्याची दोरी पुठ्ठ्यासमोर सोडून पुठ्ठ्यावर तिच्या रेषेत पेन्सिलची रेघ ओढली, खाली एक ठिपका काढला आणि दर वेळी त्याच ठिपक्यावर नेम धरून आधी पाच छर्रे, मग ४० क्लिक वर देऊन पाच. दुसरा ग्रुप रेघेवरच चढला, म्हणजे तारा सरळ होत्या. अंतर मात्र हिशेबानं ५८ मिलिमीटर यायला हवं होतं, ते आलं ५५ च्या आसपास. पाच टक्क्यांचा फरक मी चालवून घेतला. या किमतीत डिव्हायडिंग हेड, म्हणजे कोन अचूक विभागणारं यंत्र, येत नाही.

वीसवर झिरो करून, म्हणजे नेम तिथंच छर्रा असं जुळवून, दहा आणि तीस मीटरवर पण मारून बघितलं. दुर्बीण नळीच्या साडेचार सेंटीमीटर वर बसलीय, त्यामुळं जवळ छर्रा अजून वर चढत असतो आणि लांब तो पडायला लागलेला असतो. दहावर सेंटीमीटरभर खाली, तीसवर दीड-दोन सेंटीमीटर खाली. म्हणजे दोन्हीकडं थोडा वर नेम. हा कागद दुर्बिणीच्या झाकणात चिकटवलाय. स्क्रूंच्या डोक्यांवरून रिंगेपर्यंत बायकोच्या नेलपॉलिशची एकेक बारीक रेघ ओढली, स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसते. बाटली परत जागेवर ठेवायला विसरलो, त्यावर घरी जे झालं ते इथं लिहीत नाही.

पंधरा दिवसांनी गेलो तर पहिले तीन छर्रे डावीकडं. हात बाजूच्या नॉबच्या टोपणाकडं गेलाच. पोरगी काही बोलली नाही, नुसतं बघितलं. नेलपॉलिशच्या रेघा तपासल्या, सगळ्या अखंड. खुंटी जागेवर. मग नळीच्या बिजागरीचा बोल्ट हलवून बघितला, तो ढिला. पाव फेरा आवळला आणि छर्रे परत मध्ये आले. टोपण उघडलंच नाही.

त्या दिवशीचा माझा सगळ्यात चांगला ग्रुप पाच छर्ऱ्यांचा, अडीच सेंटीमीटर. मी पुठ्ठा काढून जपून ठेवणार, एवढ्यात ती म्हणाली, "द्या बघू." तिनं खाली बसून डावा तळवा उघडला, कुठंही घाई न करता पाच मारले, रायफल माझ्या हातात दिली आणि पाणी प्यायला गेली. मी व्हर्नियर लावला. तेरा मिलिमीटर.