पॉम्पेईत पेंटरकाका

इटलीतल्या पॉम्पेईला ग्रुप नेताना मला तिथल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीची धास्ती नसते, पासपोर्टवरच्या स्पेलिंगची असते. 2024 च्या नोव्हेंबरपासून तिथे दिवसाला 20,000 लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव छापलेलं असतं. आमच्याकडे एकाच बाईंचं नाव आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसरं. ते सगळं निस्तरून पोर्ता मरीना या प्रवेशद्वाराच्या चढणीवरून मंडळी एकदाची आत गेली, की पुढची सूत्रं गाइडच्या हातात. स्थळाची माहिती परवानाधारक गाइडनेच द्यायची असा इटलीचा कायदा आहे. आमची गाइड नेपल्सची, पन्नाशीची, शाळेतल्या बाईंसारखी कडक. ती इंग्रजीत सांगते, मी कानातल्या यंत्रावरून मराठीत सांगते.

या खेपेचा ग्रुप सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यातला. त्यात मिरजेकडचे एक काका होते. हयातभर दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या नंबर प्लेटा आणि निवडणुकीच्या भिंती रंगवलेल्या. फ्लेक्स आला आणि धंदा बसला. मुलाने हौसेने आईवडिलांना युरोपला पाठवलं होतं. काकू रमल्या होत्या, काका मात्र जिथे जाऊ तिथे सावली शोधून बसायचे. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या चित्रांनी भरलेल्या छताकडे मान वर करून बघितलं आणि "परांची बांधायलाच किती दिवस गेले असतील" एवढंच बोलले. ग्रुपमध्ये त्यांचं नाव पहिल्याच दिवशी 'पेंटरकाका' पडलं होतं.

पॉम्पेईत बहुतेक लोक मेलेली माणसं बघायला येतात. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसची राख शहरावर बसली. खाली गाडलेली शरीरं कुजून गेली, पण घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. 1863 मध्ये उत्खनन करणाऱ्या ज्युसेप्पे फिओरेल्लीने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं आणि तोंडावर हात धरून पडलेली माणसं जशीच्या तशी हाती आली. त्यांच्यासमोर उभं राहून दोन बोटं दाखवत सेल्फी काढणाऱ्यांवर मी आता चिडत नाही, पण तिथे रेंगाळतही नाही. मला हे शहर आवडतं ते जिवंत माणसांसाठी. रस्त्यावरचं सांडपाणी पायाला लागू नये म्हणून मध्ये उंच दगड बसवलेले, आणि दोन दगडांमधून नेमकं चाक जाईल एवढी फट. त्या फटीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेले खोल चर. कोपऱ्याकोपऱ्यावर खाद्यपदार्थांची दुकानं, त्यांच्या दगडी कट्ट्यांत तोंडापर्यंत पुरलेले रांजण. मोडेस्तुस नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत 81 पाव सापडले, करपून कोळसा झालेले, पण आठ भागांच्या खुणा अजून दिसतात. हे ऐकल्यावर आमच्या बायकांनी एका सुरात "अरेरे" केलं. माणसांचे साचे बघताना केलं नव्हतं.

व्हिया देल्ल'अब्बोन्दान्झा हा तिथला मोठा रस्ता. त्यावर माझं हुकमी पान असतं. याच रस्त्यावरच्या एका घरात 1938 मध्ये हस्तिदंताची वीतभर भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तशीच एक मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात मिळाली. जालना म्हटलं की झोपलेला ग्रुपही जागा होतो. मी रंगात येऊन सांगत होते, तेवढ्यात काकूंनी हळूच दंडाला हात लावला. "हे कुठं गेले हो?"

काका पन्नासेक पावलं मागे राहिले होते. एका भिंतीवर संरक्षणासाठी काच लावलेली आहे, तिला नाक लावून उभे. गाइडने घड्याळाकडे बघितलं. पुढे सोरेंटोला जेवणाचं बुकिंग होतं. मी तरातरा मागे गेले, जरा आवाज चढवायच्या बेतातच होते.

"बाई, हा आपल्यातलाच आहे," काका काचेकडे बोट करून म्हणाले. "कोण?" "हा. लिहिणारा."

काचेमागे पांढऱ्या गिलाव्यावर लाल रंगात उंच, बारीक अक्षरं होती. मी शेकडो वेळा तिथून गेले असेन. मला त्यात फक्त लॅटिन दिसायचं, जे मला येत नाही. काकांनाही येत नव्हतं, पण त्यांचा तो प्रश्नच नव्हता. "उभी रेघ बघा, सुतासारखी. आणि आडवी जाड. चपटा ब्रश तिरपा धरून एका झटक्यात ओढलीय, गिरवलेली नाही. इथं बघा, नाव एवढं दांडगं काढलं की पुढं जागा पुरेना, म्हणून शेवटची अक्षरं कोंबलीत. आणि हे खाली काहीतरी डोकावतंय ना चुन्यातून? ते आधीच्या माणसाचं. त्याच्यावर चुना मारून यानं आपलं लिहिलं."

एव्हाना गाइड वैतागून परत आली होती. मी तिला काकांचं म्हणणं सांगितलं. तिने चष्मा वर केला, काकांकडे नीट बघितलं आणि विचारलं, यांचा व्यवसाय काय? सांगितल्यावर ती एकदम खुलली. सोरेंटोचं जेवण मी तेव्हाच मनातून सोडून दिलं.

त्या निवडणुकीच्या जाहिराती होत्या. अशा अडीच हजारांहून अधिक पॉम्पेईच्या भिंतींवर मिळाल्या आहेत. दरवर्षी मार्चमध्ये निवडणूक व्हायची आणि 1 जुलैला नवे अधिकारी सूत्रं हातात घ्यायचे. दोन वरच्या पदावर, दोन खालच्या. खालच्या दोघांकडे रस्ते, बाजार, सार्वजनिक स्नानगृहं, म्हणजे आपल्या नगरपालिकेचीच कामं. मत फक्त स्वतंत्र पुरुष नागरिकांना. बायकांना मत नव्हतं, तरी अमक्याला निवडून द्या म्हणून भिंतींवर बायकांची नावं आहेत. याच रस्त्यावर आसेल्लीना नावाच्या बाईची खाणावळ होती, तिथल्या बायका त्यात पुढे. गायुस युलियुस पोलिबियुस नावाच्या उमेदवाराची जाहिरात म्हणते, याला निवडून द्या, हा चांगला पाव आणतो. फळवाल्यांचा पाठिंबा, सोनारांचा पाठिंबा, शेजाऱ्यांचा पाठिंबा, सगळं रीतसर लिहिलेलं.

वातिया नावाच्या उमेदवाराची गंमत तर अशी, की त्याला पाठिंबा कुणाचा? "रात्री उशिरापर्यंत पिणारे सगळे." दुसऱ्या भिंतीवर "भुरटे चोर". तिसरीकडे "सगळे झोपाळू". विरोधकांनी पैसे देऊन लिहून घेतलं की कुणा टवाळाचं काम, यावर आमच्या ग्रुपमध्ये तिथेच दोन तट पडले. एक निवृत्त ग्रामसेवक छातीठोकपणे म्हणाले, "विरोधकच. आमच्याकडं एकोणीसशे नव्वदला अगदी हेच झालं होतं."

गाइडने टॅब्लेट काढला. आता मूळ भिंतीवर दिसत नाहीत अशाही बऱ्याच नोंदी तिच्याकडे होत्या. हे काम एकट्याचं नसायचं, ती म्हणाली. एक जण भिंतीला चुना मारणार, एक लिहिणार, एक दिवा धरणार, एक शिडी. काम बऱ्याचदा रात्री चालायचं. एका भिंतीवर लिहिणाऱ्याने स्वतःच्या मदतनिसाला दरडावलंय: दिवेवाल्या, शिडी धर!

काकांना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. काकूही हसायला लागल्या, कारण लग्नानंतरची पहिली काही वर्षं शिडी धरायला त्याच जायच्या.

आणि मग एमिलियुस केलेर आला. हा रंगाऱ्यांतला नावाजलेला गडी असावा, कारण कामाखाली नाव टाकायची त्याला सवय होती. ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे आखाड्यात लढणाऱ्यांच्या, 30 जोड्यांच्या झुंजींची एक मोठी जाहिरात त्याने लिहिली आणि शेवटी टीप टाकली: एमिलियुस केलेरने हे एकट्याने, चांदण्यात लिहिलं. म्हणजे त्या रात्री ना दिवेवाला, ना शिडीवाला.

"पळालं असणार पोरगं," काका म्हणाले. "आणि रात्रीच करावं लागतं हे काम. दिवसा चुना ओला असतो, गाड्या धूळ उडवतात, माणसं टेकतात. शिवाय समोरची पार्टी बघत असते." गाइडने हे शेवटचं वाक्य माझ्याकडून दोनदा भाषांतर करून घेतलं.

याच केलेरने एका उमेदवारासाठी शेजारी या नात्याने लिहिलेल्या जाहिरातीखाली शाप दिलाय: मत्सरी माणसा, हे पुसशील तर आजारी पडशील. यावर काका हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, एका विधानसभेला रात्रभर जागून त्यांनी अख्खी शाळेची भिंत लिहिली होती. सकाळी सातला चहा घेऊन परत येतात, तर तिच्यावर शेण फासलेलं. पुन्हा चुना, पुन्हा लिहिणं, मजुरी एकदाचीच. शाप त्यांनीही दिला होता म्हणे, फक्त भिंतीवर लिहिला नाही.

सोरेंटोच्या हॉटेलला मी दोनदा फोन करून माफी मागितली. ग्रुपमधल्या एकानेही तक्रार केली नाही, हे आमच्या धंद्यात जवळजवळ अशक्य. बाहेर पडताना काका गाइडच्या शेजारून चालत होते आणि मी मध्ये. त्यांचे प्रश्न संपत नव्हते. लाल रंग कसला? चुन्यात सरस घालायचे का? शेवटी त्यांनी विचारलं, ज्वालामुखी कोणत्या महिन्यात फुटला?

परंपरेने 24 ऑगस्ट, ती म्हणाली. पण 2018 मध्ये कोळशाने लिहिलेली एक तारीख सापडली, ती 17 ऑक्टोबरची, त्यामुळे आता बरेच जण शरद ऋतू मानतात.

काकांनी बोटांवर हिशोब केला. मार्चमध्ये मतदान, जुलैमध्ये खुर्ची. "मग निकाल लागून बरेच महिने झाले होते," ते म्हणाले. "जे निवडून आले त्यांच्याकडचे पैसे याला मिळाले असतील. जे पडले त्यांच्याकडचे मात्र गेले. माझे अजून तिघांकडं आहेत."