मागच्या गाडीसाठी दिवा : आमची वाटचाल

नागपुरात कामठी रोडवरचं आमचं दुकान मुळात सेल्फ-डायनामोचं, म्हणजे गाडी सुरू करणारी मोटर आणि वीज बनवणारा डायनामो दुरुस्त करायचं. बाबा आर्मेचर गुंडाळायचे आणि मी शाळेतून आलो की जळक्या वाइंडिंगची तांब्याची तार सोलत बसायचो. पुढे आयटीआय करून मी दुकानात बसलो, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले आणि कोळसा खाणीत भाड्यानं गाड्या लावणारे ठेकेदार. नागपूरला खाणींची काय कमी? वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, मॅंगनीजवाल्या मॉयलचं काटोल रोडला. कन्हानकडे गोंडेगावची खाण, उमरेडकडे मकरधोकड्याची. खाणीत साहेब लोकांच्या आणि डिझेलवाल्यांच्या बोलेरो दिवसभर डंपरच्या मागंपुढं धावत असतात.

नवतपाच्या दिवसांत असाच एका ठेकेदाराचा ड्रायव्हर आला. गाडी ठीक होती, पण तो गाडीतून उतरेचना. पाण्याची अख्खी बाटली संपवून म्हणाला, "भाऊ, आज मागून डंपर चढतच होता. त्याला मी दिसलोच नाही." टेललाइट चालू होते का, विचारलं. दोन्ही चालू होते. मग दिसला का नाही?

उत्तर मला दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या मागं मागं मोटरसायकल चालवून मिळालं. धूळ चाकातून उठते खरी, पण ती तिथंच राहत नाही. धावणाऱ्या गाडीच्या पाठीमागं हवा विरळ होते आणि आजूबाजूची धूळ त्या पोकळीत ओढली जाते. टेललाइट नेमके त्या लोटाच्या पोटात. गाडीचं छत मात्र अधूनमधून दिसत होतं. म्हणजे आणखी एक दिवा हवा, तोही वर, छताच्या कडेला किंवा त्याहून वर, आणि तोंड मागच्याकडे. रंग कोणता, हा प्रश्न नंतरचा.

पहिला अंबर, म्हणजे गडद पिवळा दिवा आम्ही छतावरच्या कॅरियरला भोकं पाडून बोल्टनं कायमचा बसवला आणि पैसे घेतले. काम झालं असं वाटलं. पंधरा दिवसांनी तीच गाडी दुकानासमोरून गेली, तर दिव्यावर पोतं बांधलेलं! गाडी संध्याकाळी शहरात येते तेव्हा मागच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत अंधारी येते, इंडिकेटरही पिवळा असल्यानं गाडी वळतेय की काय असं वाटतं, आणि चौकात पोलीस थांबवतो. पोलिसाचं चूक नाही. गाडीत मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानं बंधनं आहेत, आणि डांबरी रस्त्यावर या दिव्याचं कामही काही नाही. ड्रायव्हर म्हणाला, "काढता येईन असं काही करून द्या ना."

काढता येणारा दिवा. ऐकायला पाच मिनिटांचं काम. आमची दोन वर्षं त्यात गेली.

आधी लोहचुंबक लावला. टेबलावर हातानं ओढून निघत नव्हता, म्हणून आम्ही खूश. खाणीतल्या खडखड्या रस्त्यावर तो हळूहळू सरकत गेला, छताचा रंग खरवडला आणि तिसऱ्या दिवशी खाली पडला. मागून येणाऱ्या डंपरनं त्याचं काय केलं ते सांगायला नको. त्यात फायबरच्या छताला आणि ॲल्युमिनियमच्या रॅकला चुंबक चिकटतच नाही. मग इतवारीच्या लोहाओळीतून २ मिमीची पट्टी आणली, एल वाकवली, खाली क्लॅम्प. ती वाकवल्या जागीच तडकली. पट्टी पातळ, तिच्या टोकाला दिव्याचं वजन, आणि दिवसभर थरथर. लोखंड झालं तरी थकतंच. आमच्या वेल्डरमामांनी ३ मिमीची पट्टी घेतली, कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा जोडला आणि म्हणाले, "आता हे तुटलं तर मी मिशी काढतो." मिशी अजून आहे.

सध्या आम्ही देतो तो सांगाडा दोन भागांचा. खालचा भाग रॅकच्या किंवा रोलबारच्या पाइपला आवळलेला, आत रबराची पट्टी. तो गाडीवरच राहतो. वरच्या भागाला दिवा. तो खालच्या खाचेत वरून सरकतो आणि आरपार एक पिन जाते. पिनच्या टोकाला गोळी असते, डोकं दाबलं की आत जाते, सोडलं की बाहेर येऊन अडकते. खाच जराही ढिली असली की दिवा टकटक वाजतो आणि महिन्याभरात भोक लांबट होतं. म्हणून खाचेत नायलॉनचा पातळ पत्रा घालतो, तो झिजला की बदलायचा. पिन बारीक तारेच्या दोरीनं बांधलेली असते. आधी बांधत नव्हतो, तेव्हा लोक पिन हरवून तिथं खिळा घालून येत.

आता आमची सगळ्यात मोठी चूक. दिवा काढायचा म्हणजे वायरही सुटली पाहिजे, म्हणून मध्ये दोन पिनांचं वॉटरप्रूफ कनेक्टर. मी गाडीच्या बाजूला नर भाग (पिना बाहेर असलेला) लावला आणि दिव्याच्या बाजूला मादी (भोकांचा). उलटं. दिवा लावलेला असताना काहीच फरक पडत नाही. दिवा काढला, स्विच चुकून चालूच राहिला, तर गाडीच्या बाजूला करंट असलेली उघडी पिन लोंबते. ती रॅकच्या लोखंडाला टेकली. त्या गाडीत फ्यूज मी बॅटरीपाशी न लावता डॅशबोर्डच्या खाली लावला होता, तोही १५ अँपिअरचा. फ्यूज उडेपर्यंत उघडी पिन ठिणग्या मारत राहिली आणि छताच्या कापडाला दोन बोटांएवढं भोक पडलं. गिऱ्हाईक रागावलं नाही, नुसतं ते भोक दाखवून गेलं. त्याचं कापड आम्ही आमच्या खर्चानं बदललं. तेव्हापासून करंटच्या बाजूला मादीच, तिला साखळीची रबरी टोपी, आणि फ्यूज ५ अँपिअरचा, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर. फ्यूजच्या आधीची वायर कुठं घासली तर तिला वाचवणारं कुणी नसतं, म्हणून ती जेवढी आखूड तेवढी बरी.

दिवा आमचा १८ वॉटचा. १२ व्होल्टला दीड अँपिअर. एवढ्या करंटला रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागत नाही, साधा स्विच पुरतो; हे मी गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा तो माझ्याकडे संशयानं पाहतो, कारण बाकी सगळीकडे त्याला रिले विकलेला असतो. रिले आम्हीही लावतो, पण कारण वेगळं : त्याची कॉइल इग्निशनवर घेतो, म्हणजे चावी काढली की दिवा बंद. एका सर्व्हेवाल्यांची गाडी शनिवारी रात्री दिवा चालू ठेवून उभी राहिली. सोमवारी सकाळी सेल्फ उचलेना. छत्तीस तास गुणिले दीड, ५४ अँपिअर-अवर. साठची बॅटरी कुठून पुरणार? वायरचंही तसंच. दीड अँपिअरला अर्धा स्क्वेअर मिमीची वायर विजेच्या हिशेबानं चालते, पण धक्क्यांनी ती आतून तुटते. म्हणून आम्ही दीड स्क्वेअरची घेतो. दहा-बारा रुपये जास्त लागतात, तक्रार येत नाही.

२०२० साली महिंद्राची नवी थार जीप आली आणि दुकानात वेगळीच मंडळी यायला लागली. स्वच्छ बूट, मोबाइलमध्ये मेक्सिकोच्या बाहा शर्यतीचे फोटो. ती वाळवंटी शर्यत १९६७ पासून होते आणि तिथल्या गाड्यांच्या पाठीमागं असेच अंबर दिवे असतात. या मंडळींना दिवा स्टेपनीच्या वर हवा होता. स्टेपनी मागच्या दारावर, म्हणजे वायर दाराबरोबर उघडणार-मिटणार. पहिल्या दोन गाड्यांत बिजागरीपाशी वायर तुटली, वरून प्लास्टिक शाबूत आणि आतलं तांबं दोन तुकडे. आता तिथं मऊ, बारीक तारांची वायर घेतो, कंपनीच्या रबरी नळीतूनच नेतो आणि आत थोडी ढील ठेवतो. करंट मात्र टेललाइटच्या वायरमधून कधीच काढत नाही. नव्या गाड्यांत दिव्यांवर कंट्रोल युनिटचं लक्ष असतं. मध्येच दीड अँपिअर वाढला की ते डॅशबोर्डवर एरर दाखवतं.

याच मंडळींचा लाडका समज : पिवळा प्रकाश धूळ कापतो. मीही आधी असंच सांगून विकत होतो. पण अंबर प्रकाशाची तरंगलांबी साधारण ५९० नॅनोमीटर, म्हणजे एका मायक्रॉनपेक्षा कमी. डोळ्यांना दिसणारा लोट ज्या कणांचा असतो, ते त्याच्या कितीतरी पट मोठे. एवढ्या मोठ्या कणांना रंगाशी देणंघेणं नसतं, ते सगळ्यांना सारखंच विखुरतात. अंबरचा फायदा निराळा. तो लाल नाही, त्यामुळे ब्रेक लागला की मागच्याला ब्रेक वेगळा कळतो. आणि पांढऱ्यासारखा डोळ्यांवर येत नाही. धुक्यासाठी जो लाल दिवा मागं असतो, तोसुद्धा ब्रेकलाइटपासून १०० मिमीपेक्षा जास्त दूर हवा, असं संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-दिव्यांच्या नियमात आहे. कारण तेच, दोघांची गल्लत नको. लुकलुकणारा दिवाही पुष्कळ लोक मागतात. धुळीत लुकलुकणाऱ्या दिव्याचं अंतर समजत नाही, प्रत्येक वेळी अख्खा लोट पेटल्यासारखा होतो. आम्ही नाही म्हणतो. दोन-तीन गिऱ्हाइकं त्यावरून गेलीही. जाऊ द्या.

या दिव्याची एक गंमत आहे. ज्याच्या गाडीवर तो आहे, त्याला तो कधीच दिसत नाही. स्विचमधला बारका दिवा फक्त स्विच चालू असल्याचं सांगतो, वर बल्ब लागला की नाही ते सांगत नाही. तसं सांगणारी जोडणी करून पाहिली, पण दिवा काढला की ती बिनकारण बोंबलायची. म्हणून आता गाडी ताब्यात देताना आम्ही मालकालाच मागं बसवतो. उमरेड रोडच्या पलीकडे एका ओळखीच्या गिऱ्हाइकाचं पडीक वावर आहे. त्याची गाडी मी पुढं चालवतो, तो आमच्या जुन्या जिप्सीत मागून येतो. अर्धा फेरा दिवा चालू, अर्धा बंद.

गेल्या रविवारी एक डॉक्टर आले होते. दुसऱ्या अर्ध्यात मी दिवा बंद केला आणि आरशात पाहिलं तर जिप्सी जागच्या जागी उभी. उतरून गेलो. डॉक्टर स्टिअरिंग धरून बसलेले, चष्म्यावर धूळ. म्हणाले, "तुम्ही गेलात कुठे?" मी बारा पावलांवर होतो.