दहा शून्यांची डॉक्टरीण

स्तनाच्या कॅन्सरसाठी मला १५ शेक बसले, म्हणजे १५ वेळा रेडिएशन दिलं. इंदूरला बाकी सगळे सिकाई म्हणतात, आम्ही रामबागेतले मराठी लोक शेक. त्या तीन आठवड्यांचं सांगण्यासारखं फार नाही. टेबलावर हात डोक्यावर घेऊन पडायचं, हलायचं नाही, दुखत काही नाही. अंगावरच्या मार्किंगच्या खुणांचा रंग कपड्यांना लागतो, म्हणून पुढून उघडणारा जुना सुती कुर्ता घालून जावं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काकू, आमचं काय चुकतं?" विचारायचीच खोटी होती. मशीन बंद पडली की दारावर पाटी लावा म्हटलं. खरगोन-बडवानीहून पहाटेच्या बसने आलेली माणसं दुपारपर्यंत उगीच बसून असतात. ते हसले, म्हणाले, "मग तुम्ही एथिक्स कमिटीतच या." रुग्णांवर करायच्या अभ्यासाला परवानगी द्यायची की नाही, ते ही समिती बघते.

मला वाटलं, बोलावलंय म्हणजे गेलं की झालं.

अर्ज ऑनलाइन. नववा रकाना पंजीकरण संख्या, म्हणजे मेडिकल कौन्सिलचा नंबर, आणि पुढे लाल चांदणी, म्हणजे भरायलाच हवा. अहो, मी सामान्य नागरिक म्हणून जाणार! २०१९च्या नियमांप्रमाणे अशा समितीत कमीत कमी सात जण लागतात, त्यातला एक वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा हवाच. माझ्याकडे तो नंबर नाही, हीच तर माझी पात्रता. 'नाही' लिहिलं, चौकट लाल. 'लागू नाही' लिहिलं, तरी लाल. खिडकीतला मुलगा म्हणाला, "माताजी, सिस्टम नहीं ले रहा. घर में कोई डॉक्टर हो तो उनका नंबर डाल दो." बत्तीस वर्षं शाळेत कॉप्या पकडल्या मी, आणि हा मला खिडकीतून कॉपी पुरवतोय!

दुसऱ्या खेपेला कागदावर अर्ज नेला. तो घेतला, ठेवला आणि हरवला. (आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मला हे तिसऱ्या अर्जाला कळलं.) तिसऱ्या खेपेला नवीनच शंका. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे लागतात आणि "आप तो हमारी मरीज़ हो, बाहर की कैसे हुईं?" मी म्हटलं, भैया, मी इथे पैसे भरलेत, पगार नाही घेतला. त्याला पटेना. साहेब रजेवर. पुढच्या सोमवारी साहेब आले, तर फाइल दुसऱ्या मजल्यावर आणि दुसऱ्या मजल्यावरचे जेवायला. मी बाकावर बसून शेजारच्या बाईंची अर्धी लोकर गुंडाळून दिली. शेवटी डॉक्टरांनी दोन ओळी लिहून दिल्या, की इथे उपचार घेतले म्हणून कुणी इथलं नोकरदार होत नाही. तेव्हा ती शंका मिटली. नववा रकाना मात्र तसाच. पाचव्या आठवड्यात संगणक विभागातली एक पोरगी आली, तिने दहा वेळा शून्य दाबलं आणि अर्ज पुढे सरकला. नेमणुकीच्या पत्रावर माझ्या नावाखाली ते दहाही शून्य छापून आलेत. आमचे हे आता कुणी आलं की ओळख करून देतात, "ही दहा शून्यांची डॉक्टरीण."

प्रशिक्षण, गोपनीयतेची सही वगैरे एका सकाळीत झालं.

पहिल्याच बैठकीत आला अभ्यास १५ऐवजी ५ शेकांचा. ब्रिटनमध्ये चार हजारांवर रुग्णांवर हे तपासून झालंय. आठवडाभरात ५ वेळा मिळून २६ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) दिले काय किंवा तीन आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे दिले काय, त्याच स्तनात आजार उलटण्याचं प्रमाण पाच वर्षांनी ५ शेकवाल्यांत जास्त आढळलं नाही. हे २०२०मध्ये छापून आलं. त्यावर मी काय बोलणार? मी रुग्णाला द्यायचं माहितीपत्रक उचललं. त्यात लिहिलेलं, 'विकिरण ५ अंशांमध्ये दिले जाईल,' म्हणजे किरणांचा डोस पाच भागांत विभागून. ते मी बाहेर बाकावर बसलेल्या बुऱ्हाणपूरच्या एका मावशींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पाच अंश म्हणजे ताप मोजतात तसं का गं बाई?"

आत जाऊन 'अंश' खोडून 'शेक' करा म्हटलं. डॉक्टर अडले. शेक म्हटलं की लोकांना आच वाटते, मग घरी जाऊन त्याच जागी गरम पाण्याची पिशवी ठेवतात. त्यांचंही खरं होतं. मला सुचलंच नव्हतं. शेवटी 'शेक' ठेवला आणि खाली ओळ घातली, 'यात आच लागत नाही; त्या जागी घरी काहीही गरम लावू नये.' आणखी एक ओळ मी हट्टाने घालायला लावली. बाहेरून दिलेल्या शेकाने अंगात किरणं उरत नाहीत, नातवंडांना मांडीवर घ्यायला हरकत नाही. मी स्वतः तीन आठवडे नातीला लांब ठेवलं होतं, विचारायची लाज वाटली म्हणून.

प्रवासखर्चाचं तर पत्रकात नावच नव्हतं. लांबच्या माणसाला १५ फेऱ्या की ५ हाच मुख्य प्रश्न, आणि अभ्यासात कुठला गट मिळेल ते आपल्या हातात नसतं, चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. ज्याला १५ येतील त्याच्या बसभाड्याचं काय? ते पुढच्या बैठकीवर ढकललंय.

तुम्हाला कुणी बोलावलं तर बैठकीचे कागद आठवडाभर आधी मागा. आयत्या वेळी जाडजूड गठ्ठा हातात पडतो आणि चष्मा घरी राहतो.

दारावर पाटी लागली. सुधारलेलं पत्रकही काल आलं. पहिलं पान छान झालंय. दुसऱ्या पानावर, सहीच्या जरा वर, एक 'अंश' राहिलाय. लाल पेनाने गोल करून ठेवलाय.