नळीतून नुसतं डाळीचं पाणी नको

पेशंटला नाकात नळी घालून घरी पाठवताना बहुतेक वेळा एवढंच सांगतात, 'दोन-तीन तासांनी दोनशे मिली द्या.' काय द्यायचं ते घरच्यांवर. मग खानदेशातलं चोपडा असो की शिरपूर, पहिलं सुचतं ते डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज आणि शहाळं. नळी तुंबत नाही म्हणून सगळे खूश. पोट मात्र पाण्यानेच भरतं. महिनाभरात मांड्या उतरतात, पाठीवरची जखम भरत नाही.

आधी हिशेब. अंथरुणावरच्या माणसाला किलोमागे दिवसाला साधारण २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. पन्नास किलोच्या माणसाला १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ६० ग्रॅम प्रोटीन. सहा फीडमध्ये, म्हणजे दिवसात सहा वेळा नळीतून दिलेल्या पातळ अन्नात, हे असं बसतं. चार फीड दुधाचे : १५० मिली दूध, २० ग्रॅम मोड आणलेल्या नाचणीचं पीठ, १० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर, चमचाभर तेल, चमचाभर साखर. दोन फीड डाळीचे : ३० ग्रॅम मुगाची डाळ शिजवून घोटलेली, १० ग्रॅम तांदळाचं पीठ, दोन चमचे तेल, किंचित मीठ. प्रत्येक फीड पाणी घालून २०० मिली करायचा. दिवसाची बेरीज दीड हजार कॅलरीच्या आसपास आणि प्रोटीन ५५ ग्रॅमच्या पुढे जातं. शुगर असेल तर साखर काढा. किडनीचा त्रास असेल तर हा हिशेबच लागू नाही, डॉक्टर सांगतील तेच.

मोड आणण्याचं कारण चव नाही, नळीत चवीचा प्रश्नच नाही. साध्या पिठाची लापशी घट्ट होते, पातळ करायला पाणी वाढवावं लागतं आणि कॅलरी घटतात. मोड आलेल्या धान्यात स्टार्च तोडणारं एन्झाइम तयार होतं. त्या २० ग्रॅममधलं चमचाभर मोडाचं पीठ बाजूला ठेवा, बाकीच्याची लापशी शिजवून जरा निवू द्या, मग ते चमचाभर पीठ ढवळा. पाच-दहा मिनिटांत ती पाण्यासारखी सैल होते. पुन्हा एक उकळी आणा आणि गाळा. उकळत्या लापशीत पीठ टाकलं तर एन्झाइम मरतं आणि सगळी मेहनत वाया. गाळायला चहाची गाळणी पुरत नाही, मलमलचं फडकं घ्या.

जळगावकडे केळी घरचीच, म्हणून मिक्सरमधून काढून देतात. केळं घट्ट होतं आणि नळीला चिकटतं. द्यायचंच तर अर्धं, दुधात चांगलं पातळ करून. पोटॅशियम जास्त असतं, म्हणून किडनीच्या पेशंटला नाहीच.

नळीतून द्यायची डब्याची तयार पावडर सोयीची, पण महाग. आतला चमचा सपाट भरून, पाणी डब्यावर लिहिल्याइतकंच. महिना ओढायला पावडर पातळ करतात, तेव्हा परत डाळीच्या पाण्यावरच आलो.

देताना डोकं ३० ते ४५ अंश उंच, नंतरही तासभर तसंच. नाकाजवळची नळीवरची खूण रोज बघा. ती सरकली असेल तर फीड देऊ नका. हवा मारून पोटावर आवाज ऐकण्याची पद्धत भरवशाची नाही, नळी फुप्फुसात असली तरी गुरगुर ऐकू येते. आधी ५० मिली पाणी, मग दट्ट्या काढलेल्या सिरिंजमधून फीड, पंधरा-वीस मिनिटांत आपोआप उतरेल असा, शेवटी परत ५० मिली पाणी. दट्ट्याने ढकललं की उलटी होऊ शकते. ठसका लागला, दम लागला, ओठ काळे-निळे दिसले तर लगेच थांबा.

मे महिन्यात पारा ४५ कडे जातो तेव्हा बनवलेला फीड बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. फ्रीजमध्ये चोवीस तास, तेही लाईट टिकली तर. जुलाब लागले की सगळे दुधाला दोष देतात. बहुतेक वेळा कारण अँटिबायोटिक, गोड सिरप किंवा नीट न धुतलेली सिरिंज असते.

नळी तुंबते ती बहुधा गोळ्यांमुळे. प्रत्येक गोळी वेगळी बारीक करा, वेगळी द्या, मध्ये पाणी. फीडमध्ये मिसळायची नाही. एसआर (पोटात हळूहळू औषध सोडणारी) किंवा कोटिंगवाली गोळी कुटायचीच नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्या. फिटची फेनिटोइन असेल तर ती आणि फीड यांत तास-दोन तासांचं अंतर हवं. तुंबल्यावर कोमट पाणी, सिरिंजने हलकं पुढे-मागे. लिंबूपाणी, कोल्ड्रिंक नको. आंबटाने दूध आतच फाटतं. तार तर अजिबात घालू नका.

नाकातली नळी निघाली तर घरी परत घालू नका, एका फीडचा उशीर चालतो. पोटातली नळी, म्हणजे पोटाला भोक पाडून थेट घातलेली, निसटली तर मात्र थांबू नका. भोक काही तासांत आवळायला लागतं. त्यावर स्वच्छ गॉज ठेवून लगेच दवाखाना गाठा, आणि निसटलेली नळी सोबत घ्या, तिचा साइज नंबर तिच्यावरच छापलेला असतो.