बाहुलीघरं बघायला: ॲमस्टरडॅम, हार्लेम, हेग

नेदरलँड्समधली चार बाहुलीघरं, तीन शहरं, दोन दिवस. सोमवार मात्र टाळा. ॲमस्टरडॅमचं रेइक्सम्युझियम रोज उघडं असतं, पण हार्लेम आणि हेगची संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

'बाहुलीघर' म्हटल्यावर भातुकली आठवते, तिथेच फसगत होते. ही घरं खेळायची नव्हतीच. श्रीमंत डच गृहिणींनी मोठ्या कपाटात मांडलेला हा संसार पाहुण्यांसमोर दारं उघडून दाखवायचा असे. आपल्याकडे शोधायचंच तर रुखवत जवळचं.

रेइक्सम्युझियमचं वेळेचं तिकीट ऑनलाइन काढा, शक्यतो सकाळी नऊचं. आत शिरल्यावर गर्दी रेम्ब्रांटच्या चित्रांकडे धावते. आपण त्याच, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं बाहुलीघरांचं २.२० क्रमांकाचं दालन आधी गाठायचं. प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण तीनशे वर्षांचं कापड उजेडाने विटतं. डोळे सरावायला पाचेक मिनिटं द्या. काचेत आपलंच प्रतिबिंब आडवं येतं, म्हणून पांढरा शर्ट नको, गडद कपडे बरे. नेहमीची दुर्बीण इतक्या जवळचं दाखवत नाही. एका मीटरवर फोकस होणारी एकनळी दुर्बीण खिशात असू द्या. फोटो चालतात, फ्लॅश नाही.

या दालनातलं पेट्रोनेला ऑर्टमनचं बाहुलीघर साधारण १६८६ ते १७१० या काळात भरत गेलं. कपाट २५५ सेंमी उंच, १९० रुंद, ७८ खोल, बाहेरून कासवाचं कवच आणि त्यात कथलाचं जडावकाम. नवरा योहानेस ब्रांट रेशमाचा व्यापारी. खर्चाचा अंदाज वीस ते तीस हजार गिल्डर (जुनं डच चलन). तेवढ्यात त्या काळी कालव्याकाठी राहतं घर आलं असतं. दिवाणखान्याच्या भिंतींवर निकोलास पिमाँटची निसर्गचित्रं आहेत आणि सगळे तिथेच थबकतात. आमच्या मते खरी मजा वरच्या ओळीत आहे. तिथे कपड्यांची खोली आणि पीटची माडी आहे. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचं वाळवलेलं जळण. खाली ओल असल्याने तो माळ्यावर कोरडा ठेवत. चादरी-टॉवेलांच्या घड्या आणि वाळत घालायच्या दांड्या बघा. मोठी धुणी वर्षातून मोजक्याच वेळा निघत, तेव्हा कपाटात चादरी किती, यावर घरची ऐपत ठरे. जळण आणि कापड हा मालकिणीचा कारभार. दिवाणखान्याइतक्याच आस्थेने तिने तोही मांडला.

याकोब अपेलने सुमारे १७१० मध्ये याच कपाटाचं चित्र चर्मपत्रावर रंगवलं. ते आणि कपाट खोली-खोलीने पडताळा: चित्रातल्या बाहुल्या आज घरात जवळजवळ उरलेल्याच नाहीत. माणसं असलेलं घर बघायचं तर तिथलंच पेट्रोनेला डुनवाचं, सुमारे १६७६ चं. त्यात बाहुल्या टिकल्या आहेत आणि बाळंतिणीच्या खोलीची ऐट कळते. इथे दोन तास सहज जातात.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने हार्लेम, साधारण वीस मिनिटं. स्टेशनवर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून आत जाता येतं; उतरल्यावर पुन्हा तेच कार्ड टेकवायला विसरलात की जास्तीचे पैसे कापले जातात. तिथल्या फ्रान्स हाल्स म्युझियममध्ये सारा रोथे या अठराव्या शतकातल्या गृहिणीचं एक बाहुलीघर आहे, दुसरं हेगच्या कुन्स्टम्युझियममध्ये. मांडणी बदलत असते, म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी विचारून घ्या.

सारा रोथेने १७४३ मध्ये लिलावात तीन जुनी बाहुलीघरं घेतली आणि त्यांतल्या सामानातून दोन नवी सजवली. म्हणून कपाट अठराव्या शतकातलं आणि आतली कित्येक भांडी सतराव्या शतकातली, असा घोळ होतो. फलकावरची तारीख कपाटाची की वस्तूची, ते नीट वाचा. साराने कुठली वस्तू कुठून आली याची नोंद ठेवली, शिवणकामही स्वतः केलं. कारागिरांच्या बाबतीत चांदीकडे लक्ष द्या. ॲमस्टरडॅममध्ये अशी छोटी भांडी घडवणारे खास सोनार होते. नखाएवढी चहादाणीसुद्धा ठोकून, डाग देऊन केलेली, मोठ्या भांड्याच्याच रीतीने.

हार्लेमहून हेग पाऊण तासाच्या आत. तिथे स्टेशनवरून ट्राम घ्या, आणि वास्तुकार बर्लागेने रचलेल्या, कुन्स्टम्युझियमच्या १९३५ च्या पिवळ्या विटांच्या इमारतीसाठीही थोडा वेळ राखून ठेवा.