लाभ, दोन, तीन…

दुपारी अडीच वाजता गोव्यातल्या आमच्या केप्यात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. दुकानं बंद, आमचे हे पेपर छातीवर ठेवून पंख्याखाली गाढ. त्या वेळी मी हॉलमधल्या तांबड्या सिमेंटच्या जमिनीवर एक पितळी मापटं आडवं ठेवते आणि गोल्फचा बॉल त्यात घालायचा प्रयत्न करते. बॉल जात नाही. सरळ निघतो, मधल्या खांबापर्यंत शहाण्यासारखा जातो आणि मग देवघराच्या उंबऱ्याकडे वळतो. रोज. चौतीस वर्षं ही जमीन पुसते आहे, पण तिला देवघराकडे उतार आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं. धुतली असती तर पाण्यानं आधीच सांगितलं असतं, पण आम्ही ओल्या फडक्यावर भागवणारे.

मापटंच का, तर गोल्फच्या होलचं तोंड सव्वाचार इंच, आणि घरातली सगळी भांडी टेपनं मोजल्यावर हेच त्यातल्या त्यात जवळचं निघालं. वाटी लहान, टोप मोठा. मापटं माहेरचं, आजोबांचं. थोडं लहानच भरतं, पण सराव कठीण असलेला बरा, असं मी स्वतःला सांगते.

हे गोल्फ माझ्या डोक्यात शिरलं ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी. शनिवार होता. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळत होती आणि मी चहाचा कप घेऊन टीव्हीपुढे बसले होते, काही न कळता. जिचा आकडा कमी ती पुढे, एवढं भाच्यानं फोनवर सांगितलं. चार दिवसांत तिनं २६९ फटके मारले, पदक मिळालेलीनं २६८. एका फटक्यानं चौथी. त्याच संध्याकाळी नीरजनं भाला फेकला आणि सगळा देश तिकडे धावला. माझं मन मात्र त्या एका फटक्यापाशीच घुटमळत राहिलं. चार दिवसांतला नेमका कुठला तो?

मी बँकेत कॅशियर होते, म्हणून असेल. संध्याकाळी कॅश टॅली होताना एक नोट कमी आली की दिवसभराची सगळी गिऱ्हाइकं डोळ्यांपुढून जातात. कुठला तो?

तर निवृत्तीला भाच्यानं शाल-बिल न देता सहा लेसन भेट दिले. काणकोणला, राजबागेत, समुद्राला लागून नऊ होलचं मैदान आहे. करमलचा घाट उतरून जायचं. “मावशी, तुला मोजायला आवडतं ना, मग हाच खेळ तुझा,” म्हणाला. हा टोमणा होता. बसच्या पायऱ्या, लग्नाच्या पंगतीतली पानं, देवाला वाहिलेली जास्वंदं, सगळं मी मोजते. मासळी बाजारात बांगड्यांचा वांटा टोपलीत पडला की मोजते आणि मासळीवाली म्हणते, “बाय, बँक बंद जाली मगे आतां?”

शिकवणारा मुलगा माझ्याहून पस्तीस वर्षांनी लहान. मी त्याला सर म्हणते, तो मला आंटी म्हणतो. ते मला आवडत नाही, पण क्लब, म्हणजे गोल्फची काठी, माझ्या हातात आणि ज्ञान त्याच्या, काय करता. पहिले दोन लेसन नुसतं धरायचं कसं यात गेले. “आंटी, अंगठा!” दर मिनिटाला. उजवा अंगठा दांड्यावर दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. आता या अंगठ्यानं आयुष्यभर ओल्या स्पंजला लागून नोटा सरकवल्या आहेत. बोटं थकली तरी हा थकला नाही. त्याला नुसतं टेकून बसायला सांगणं म्हणजे आमच्या मॅनेजरला रजेवर फोन करू नका म्हणण्यासारखं.

तिसऱ्या लेसनला मी सरळच विचारलं, आकडा खाली कसा आणायचा? पोरगा हसला. म्हणाला, लांबचे फटके सगळ्यांना शिकायचे असतात. पण १८ होलचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत तेवढे फटके, ७२ धरला तर त्यातले ३६ ‘पट’, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, ग्रीनवर, बॉल हलकेच ढकलायचे फटके. दर ग्रीनवर दोन. तुम्ही दर ग्रीनवर चार मारता. आधी ते दोन वाचवा, मग आकाशात मारा. हिशेब मला तत्काळ पटला. तेव्हापासून दुपारची झोप बंद आणि मापटं चालू. हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला आकड्यात मिळणारी सूट, जास्तीत जास्त ५४ मिळतो. मी अजून त्याच्याही पलीकडच्या मुलखात आहे.

मला या खेळात सगळ्यात आश्चर्य वाटलं ते आकडा स्वतःचा स्वतः सांगायचा याचं. क्रिकेटमध्ये अंपायर असतो, कबड्डीत सगळी वाडी ओरडते. इथे तुम्ही झुडपात एकटे. बॉबी जोन्स नावाचा अमेरिकन होता. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये गवतात क्लब टेकवताना त्याचा बॉल कणभर हलला. पाहिलं कुणीच नाही. त्यानं स्वतःच एक फटका दंड लावून घेतला आणि शेवटी बरोबरी होऊन प्लेऑफमध्ये हरला. लोक कौतुक करायला लागले तर म्हणाला, बँक लुटली नाही म्हणून माणसाचं कौतुक कराल का?

हे वाचून मी चष्मा काढून पुसला. एकदा पाचशे रुपये कमी आले होते. तीनदा मोजले, मग पर्समधून घातले आणि शेवटची बस पकडली. घरी सांगितलंसुद्धा नाही. कौतुक कसलं त्यात, तो नियमच होता. पण बँकेचंच उदाहरण त्या माणसाला सुचावं याचं मात्र बरं वाटलं.

दुसरा एक अर्जेंटिनाचा, रॉबर्टो दे व्हिसेन्झो. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत बरोबर खेळणाऱ्या जोडीदारानं त्याच्या कार्डावर ३ ऐवजी ४ लिहिले आणि यानं न बघता सही केली. सही झाली म्हणजे झाली. एका फटक्यानं प्लेऑफ हुकला. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. आमच्या ब्रँचमध्ये नवीन लागलेल्या पोरांना मी हेच सांगायचे, आधी मोज, मग सही कर. ती पोरं ऐकत नसत.

मापट्याकडे बघितलं की मात्र ना जोन्स आठवतो ना बँक, माहेरचं, पैंगीणचं अंगण आठवतं. नारळांचा पाडा असायचा. पाडेली माडामाडावरून घड खाली टाकायचे, गडी ते वाहून अंगणात ढीग घालायचे आणि मग मोजणी. दोन्ही हातांत दोन-दोन धरून एका ढिगातून दुसऱ्यात फेकायचे. मोजताना ‘एक’ म्हणायचं नाही. भात मापताना जसं पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतात, तसंच इथेही. लाभ, दोन, तीन. शंभर झाले की मी पायरीवर कोळशाची रेघ मारायची. आठ वर्षांची होते, आणि हे काम माझं आहे याचा केवढा तोरा!

एका पाड्याला कुणीतरी चुलतभावासाठी अडसर, म्हणजे शहाळं, फोडलं. मी तिकडे बघितलं. पाणी त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यात गेलं, तो ओरडला, सगळे हसले, मीही हसले. मान वळवली तर गड्यानं ‘शंभर’ म्हटलेलं कानात होतं, पण रेघ मारली की नाही ते आठवेना. पायरीवर पाच होत्या. मी घाईघाईनं सहावी ओढली. शेवटी आजोबांनी सोप्यावरून विचारलं, किती? मी ठणकावून सांगितलं, सहाशे चाळीस.

आजोबांनी माझ्या हाताकडे बघितलं. कोळशाचा तो हात मी पाठीमागे नेला होता. ते उठले, धोतराचा सोगा खोवला आणि ढिगातला पहिला नारळ स्वतः उचलला. “लाभ.” दुपारचे दोन वाजले होते, गड्यांची पेज निवत होती, आई दारात येऊन परत गेली. मी तिथेच उभी. सगळा ढीग फिरेपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही. आणि भरले किती, तर सहाशे चाळीसच. एकही कमीजास्त नाही. आजोबा काही बोलले नाहीत. पुढच्या पाड्याला रेघा चुलतभावानं मारल्या.

सहावा लेसन परवा झाला. पहिल्यांदाच सबंध नऊ होल. सातव्यावर क्लब फिरवला तो हवेतून, बॉल जागच्या जागी. बॉल मारायच्या इराद्यानं फिरवला म्हणजे तोही फटकाच, नियम तसा आहे. सर फोनवर होता, पाठ करून. बरोबरचा कॅडी, म्हणजे क्लबांची पिशवी वाहणारा मुलगा, समुद्राकडे बघत होता, किंवा बघितल्यासारखं करत होता. पुढचा फटका माडांत गेला. शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ च्या आधी पाच मिळायची, पण मी उशिरा शिकायला घेतलं. बॉल एका माडाच्या बुंध्याशी, सुकलेल्या झावळीखाली सापडला. तिथून बाहेर काढायला किती लागले ते आता सांगत नाही. ग्रीनवर मात्र दोनच. उतार बरोबर ओळखला.

कॅडीनं पेन्सिल कानावरून काढली. “बाय, कितले जाले?”

मी म्हटलं, “आठ.” मग म्हटलं, “थांब रे जरा.” आणि टीकडे, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेकडे, बोट करून पहिल्यापासून धरलं. लाभ.