दाजी, अजून खाली!

माझा मेव्हणा रोईंग मशीनवर बसला की मी बारबेलखाली जातो. त्याचे ५०० मीटर वल्हवून होईपर्यंत माझे पाच स्क्वॉट व्हायला हवेत. मग जागा बदलायच्या. मी वल्हवणार, तो बारखाली. अशा पाच फेऱ्या. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अडीच किलोमीटर नौकानयन, तेही नाव आणि पाणी नसलेलं, आणि वर पंचवीस उठाबशा, खांद्यावर लोखंड घेऊन. कल्पना अर्थातच त्याची. "दाजी, दोघांनी मिळून केलं की निम्मं वाटतं," असं त्याने मला सांगितलं होतं. बायकोचा भाऊ असल्यामुळे मी विश्वास ठेवला.

बार एकच, वजनं दोन. रिकामा बार २० किलोचा. दोन्ही टोकांना २५ किलोची एकेक लाल प्लेट, झाले ७०. ते माझे. त्यावर दोन्हीकडे १५ किलोची एकेक पिवळी, झाले १००. ते त्याचे. लाल प्लेटा जागच्या हलत नाहीत, पिवळ्या फक्त चढतात आणि उतरतात. ते काम त्याचं, कारण वजन त्याचं. पहिल्या फेरीत रॅकला टेकवून ठेवलेल्या त्या पिवळ्या प्लेटांकडे बघून मला जरा ओशाळल्यासारखं होतं. चौथ्या फेरीपर्यंत माझं मत पार बदललेलं असतं. उतरवून ठेवलेल्या पिवळ्या प्लेटेसारखी देखणी वस्तू जिममध्ये दुसरी नाही.

रोईंग मशीनचा किस्सा वेगळा. अमेरिकेतल्या वल्हवणाऱ्या दोन भावांनी १९८१मध्ये सायकलच्या चाकापासून असं एक यंत्र विकायला काढलं, त्याचीच नातवंडं आता जगभरच्या जिममध्ये फुसफुसत असतात. वल्हवलं की यंत्राच्या आत एक पंखा फिरतो, त्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांची एक दांडी असते. नवखा माणूस आला की ती दणकन १०वर नेतो. मीही नेली होती. प्रत्यक्षात ती दांडी आत किती हवा जाऊ द्यायची एवढंच ठरवते, सायकलच्या गिअरसारखी. जोर शेवटी पायांनीच लावायचा असतो, आणि हवा कुणाची भीड ठेवत नाही. तुम्ही जितकी जोरात ढवळाल तितकी ती जास्त अडवते. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट लागते. ५०० मीटरला मला २ मिनिटं २० सेकंद लागतात, त्याला १ मिनिट ५०. फरक अर्ध्या मिनिटाचा, म्हणजे चहाड्या करण्याइतकाही नाही, असं मी समजत होतो. मग एकदा स्क्रीनवर वॅट दिसतील असं बटण दाबलं. माझे १२८, त्याचे २६३. ते बटण मी पुन्हा दाबलेलं नाही.

पण खरी मेख पुढे आहे. या व्यायामात तुमची विश्रांती तुमच्या हातात नसतेच, ती समोरच्याच्या वेगावर अवलंबून असते. तो ११० सेकंदांत उरकतो, माझे पाच स्क्वॉट धापा आवरण्यासकट मिनिटभर खातात. उरले ५० सेकंद. मी मात्र १४० सेकंद वल्हवत बसतो. तेवढ्यात तो पिवळ्या चढवतो, स्क्वॉट संपवतो, पिवळ्या उतरवतो आणि तरी दीड मिनिटाच्या आसपास कमरेवर हात ठेवून उभा असतो. म्हणजे जो दमत नाही त्यालाच विश्रांती जास्त, आणि जो दमलाय त्याची कमी. माझ्या मंदपणाचं व्याज दर फेरीला त्याच्या खात्यात जमा होतं. हे मी त्याला समजावून सांगायचं ठरवलं होतं, पण सांगायला लागणारा श्वास शिल्लक नव्हता.

श्वासाचं तर वेगळंच भांडण. वल्हवताना दर ओढीला श्वास सोडायचा, परतताना घ्यायचा, भात्यासारखं चालू ठेवायचं. बारखाली याच्या बरोब्बर उलट. छाती-पोट भरून हवा घ्यायची, पोट आवळायचं आणि ती हवा कोंडून धरून खाली बसायचं, कारण पाठीच्या कण्याला आतून तोच टेकू असतो. आता जो माणूस नुकताच मशीनवरून धापा टाकत उठलाय त्याने श्वास कोंडायचा कसा? म्हणून मी बारला हात लावून आधी चार-पाच श्वास नुसता उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, काही पुटपुटतोय. असेलही.

आणि जोडीचा व्यायाम म्हणावा, तर ऐन वेळी जोडीदार मागे नसतोच. तो तिकडे वल्हवत असतो, त्याचे पाय पट्ट्यांत अडकलेले. म्हणून रॅकच्या आडव्या लोखंडी दांड्या बरोब्बर उंचीला लावून घ्यायच्या. उठता आलं नाही तर बार त्यांच्यावर टेकेल. जोडीदाराकडून मिळतो तो फक्त आवाज. सुरुवातीला तो अदबशीर असतो. "दाजी, अजून खाली! मांडी गुडघ्याखाली जाऊ द्या!" दुसऱ्या फेरीत "द्या" जातो. तिसऱ्या फेरीत दाजीही जातात आणि नुसतं "खाली! ऊठ! ऊठ!" उरतं. लग्नाला बारा वर्षं झाली, या मुलाने मला कधी अरे-तुरे केलेलं नाही. पण आदरार्थी बहुवचनाला एक जास्तीचा श्वास लागतो आणि २६३ वॅटला तो परवडत नाही. घरी आल्यावर मी पुन्हा दाजी होतो.

गेल्या आठवड्यात चौथ्या फेरीत माझा पाचवा स्क्वॉट अगदी कसाबसा वर आला. बार रॅकवर ठेवला आणि तसाच कपाळ टेकून उभा राहिलो. पंख्याचा आवाज ओळखीचा झालाय मला, हूऽऽश, मग थोडी शांतता, मग पुन्हा हूऽऽश. त्या दिवशी मधली शांतता लांबली होती. मान वळवून त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. ५०० मीटरला २ मिनिटं ८ सेकंदांचा वेग.

"काय रे, दमलास?"

"हो ना दाजी," तो म्हणाला, "आज पाय जरा जड झालेत बघा. तुम्ही बसा निवांत."

एका दमात, एकही धाप न लागता, दाजी आणि तुम्ही दोन्हीसकट.

मी काही बोललो नाही. फुकटचे अठरा सेकंद मिळाले होते, ते घेतले. त्यातल्या निम्म्यात पिवळ्या प्लेटा उचलल्या आणि दोन्हीकडे चढवून ठेवल्या.